भिंतीवरून उतरवलेला परवाना

मी परवाना बोलतोय. लगेच नाक मुरडू नका. मी दारूचा परवाना नाही, बंदुकीचा नाही आणि आमच्या भागात घराघरात असतो तो मासे धरायचाही नाही. मी पायाच्या डॉक्टरचा परवाना आहे. माझ्यावर काळ्या शाईत एक नाव आहे, मार्लिस ॲन ट्वेट. त्याखाली नंबर आहे आणि उजवीकडे सोनेरी शिक्का. एवढ्या भांडवलावर मी तीस वर्षं काढली, त्यातली साडेपाच तळघरात.

माझा जन्म राजधानीत झाला. कागद जाड, काठ कोरलेले. परवाने देणाऱ्या मंडळाच्या पाच सभासदांनी माझ्यावर सह्या केल्या. चौघांनी नीट केल्या. पाचव्याला तळ्यावर जायची घाई होती, त्याची सही शिक्क्यावर चढली. ती सही मला आजही टोचते, पण कायद्याने ती पक्की आहे, म्हणून मी गप्प बसतो. कायद्याने पक्की असलेली गोष्ट मी कधी नाकारत नाही. माझा स्वभावच तसा आहे.

स्वेनबी गावातल्या क्लिनिकमध्ये मला टांगलं तेव्हा शेजारी आधीच एक बाई बसल्या होत्या. त्या म्हणजे पदवी. आकाराने माझ्या दुप्पट, सगळा मजकूर लॅटिनमध्ये, आणि तोरा असा की विचारू नका. मार्लिसबाईंनी काय काय केलं ते मला या पदवीकडूनच कळलं. आधी चार वर्षं साधं कॉलेज, मग चार वर्षं पायाच्या वैद्यकीचं कॉलेज, मग इस्पितळात राहून उमेदवारी, आणि मधेमधे तीन टप्प्यांच्या परीक्षा. शेवटी राज्याच्या कायद्याचा एक पेपर. पायाच्या विषयात मार्लिसबाईंना पैकीच्या पैकी मिळाले होते. कायद्यात त्या काठावर पास झाल्या होत्या. ही गोष्ट पदवी मला हसत हसत सांगायची. मला तेव्हाही हसू आलं नाही.

“मी जन्मभराची आहे,” पदवी म्हणायची. “तुझं काय, दर दोन वर्षांनी हात पसरायचे.”

खरंच होतं ते. पण पदवी एवढंच सांगते की ही बाई एके काळी शिकली. आज तिने तुमच्या पायाला हात लावावा की नाही, हे मी सांगतो. दर दोन वर्षांनी माझं नूतनीकरण व्हायचं. त्यासाठी पन्नास तास नवं शिक्षण घ्यावं लागायचं. बाई शहरातल्या कुठल्याशा हॉटेलात शनिवार-रविवार बसून भाषणं ऐकायच्या, कोरडी कोंबडी खायच्या आणि हजेरीचं प्रमाणपत्र घेऊन यायच्या. ही प्रमाणपत्रं डोरीन नाताळच्या बिस्किटांच्या निळ्या डब्यात ठेवायची. डोरीन म्हणजे क्लिनिकच्या दारातल्या टेबलामागची बाई, फोन घेणारी, वेळा देणारी आणि अख्ख्या गावाची खबर ठेवणारी. एका वर्षी मंडळाने अचानक तपासणी लावली, तर एक प्रमाणपत्र सापडेना. दोन दिवस दोघींच्या नाकी नऊ आले. शेवटी ते चर्चमधल्या भजनांच्या पुस्तकात सापडलं. डोरीनने ते खूण म्हणून घातलं होतं.

नूतनीकरण झालं की एक छोटं कार्ड यायचं. त्यावर मुदतीची तारीख असायची. बाई ते माझ्या चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात खोचायच्या. मला कायद्याने अशा जागी टांगलं होतं की रुग्णाला खुर्चीत बसल्या बसल्या मी दिसावा. दिसायचो सगळ्यांना. वाचायचा फक्त एक जण.

त्याचं नाव वर्नर लिंडाल. गावाबाहेर त्याची बीटाची शेती. बायको जाऊन खूप वर्षं झालेली, पोटी मूल नाही, आणि अंगात साखरेचा आजार. “जन्मभर साखरेचं बीट पिकवलं,” तो म्हणायचा, “आता साखर माझ्या अंगात पीक काढतेय.” त्या आजाराने त्याच्या पावलांची जाणीव गेली होती. बुटात खिळा असला तरी त्याला पत्ता लागला नसता. अशा माणसाची नखं जाड होतात, तळव्याला घट्टे पडतात, आणि घट्ट्याखाली जखम लपून बसते. म्हणून बाई त्याला दर नऊ आठवड्यांनी बोलवायच्या.

वर्नरला जगात एकाच गोष्टीची भीती वाटायची, बाईंच्या नखं कापायच्या पकडीची. ती हातात दिसली की तो मान वळवायचा आणि मला मोठ्याने वाचायला लागायचा.

“मार्लिस ॲन ट्वेट. बरोबर. नंबर तोच. सही अजून शिक्क्यावरच चढलेली. कोपऱ्यात तारीख... पुढच्या डिसेंबरपर्यंत. मुदत आहे गं पोरी तुझी अजून. काप.”

मग पकड वाजायची, कट्ट. तो आवाज मी हजार आवाजांत ओळखेन. त्या आवाजासाठीच माझा जन्म आहे.

वीस-बावीस वर्षं असं चाललं. मग एका एप्रिलमध्ये, पेरणी तोंडावर आलेली असताना, बाईंचे यजमान आर्लन शेडमध्ये ट्रॅक्टरखालीच आडवे झाले. झटका मेंदूचा होता. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. बाईंनी दोन महिने दोन्हीकडे धावून पाहिलं. जूनमध्ये त्यांनी क्लिनिकच्या दारावर चिठ्ठी लावली.

“मुदत संपू दे ना तशीच,” डोरीन म्हणाली. “कशाला त्या मंडळाला पत्रं लिहीत बसतेस?”

“मुदत संपू दिली तर मी संपले असं होईल,” बाई म्हणाल्या. “मी संपलेली नाहीये डोरीन. मी थांबतेय.”

कायद्यात थांबण्याचीही सोय आहे. तिला निष्क्रिय दर्जा म्हणतात. परवाना मरत नाही, झोपतो. फी थोडी भरायची, पत्ता कळवत राहायचा, आणि त्या काळात पायाच्या वैद्यकीचं एकही काम करायचं नाही. पैसे घेऊन नाही, फुकट नाही, शेजाऱ्याचं नाही. आणि परवाना भिंतीवर ठेवायचा नाही, कारण मला पाहून कुणाची फसगत व्हायला नको.

बाईंनी स्वतःच्या हाताने मला उतरवलं. भिंतीवर माझ्याएवढा पांढरा चौकोन राहिला. पदवी मात्र बाईंच्या बैठकीच्या खोलीत गेली, पियानोच्या वर. तिला कुठेही मिरवायची परवानगी आहे. मी तळघरात गेलो, हरणाच्या मांसाच्या फ्रीजरशेजारच्या फळीवर, बीटाच्या लोणच्याच्या बरण्यांच्या मागे.

मला वाईट वाटलं का? हो, वाटलं. आत काही कुरकुरलं तर कागदाला सांगता येत नाही. पण नियम नियम आहे, आणि बाई तो पाळताहेत याचा अभिमानही वाटला.

त्या फळीच्या डोक्यावरून घर गरम ठेवणाऱ्या भट्टीची पत्र्याची नळी जात होती. तिचं एक तोंड स्वयंपाकघरात उघडायचं. त्यामुळे वरचं सगळं बोलणं मला ऐकू यायचं. आर्लनला भरवताना बाई त्यांना बाजारभाव वाचून दाखवायच्या. आर्लन “ह” म्हणायचे. भाव चांगला असेल तर एक “ह”, पडला असेल तर दोन.

आणि माणसं यायची. आमच्याकडे कुणी सरळ मदत मागत नाही. ओव्हनमध्ये भाजलेली बटाट्याची हॉटडिश झाकून आणायची, तीन कप कॉफी प्यायची, हवेवर बोलायचं आणि दारात बूट घालताना म्हणायचं, “तसं काही विशेष नाही, पण या टाचेचं जरा...”

“बूट घाला,” बाई म्हणायच्या. “मला बघता येत नाही. शहरात जा.”

शहर नव्वद मैलांवर. आमचं क्लिनिक बंद झाल्यावर मधे पायाचा एकही डॉक्टर नाही. लोक रागावले. ट्वेटबाईंना शिष्टपणा आलाय, असं डोरीननेच येऊन सांगितलं. मी तळघरातून मनात म्हणायचो, बोलू दे त्यांना. बाई माझ्या आहेत.

तिसऱ्या हिवाळ्यात, फेब्रुवारीत, तीन दिवस हिमवादळ झालं. रस्ते बंद, दिवे दोनदा गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात ट्रॅक्टरची घरघर ऐकू आली. पुढे बर्फ लोटत वर्नर आला होता.

“कॉफी आहे का?” तो म्हणाला.

“चार मैल बर्फ लोटत कॉफीसाठी आलात?”

“माझी संपली.” बूट ओढून काढल्याचा आवाज आला. मग, “मोजा ओला होतोय गं पोरी. बर्फ आत गेलाय म्हणावं तर पिवळा आहे.”

खुर्ची सरकली. बाईंचा श्वास मला नळीतून ऐकू आला. त्यांनी इस्पितळाला फोन लावला. तिकडून सांगितलं, गाडी उद्याशिवाय निघणार नाही. मग एक ड्रॉवर उघडला, पाणी उकळायला ठेवलं, आणि थोड्या वेळाने तो आवाज आला. कट्ट.

मी थरारलो. त्यांनी घट्टा खरवडला, खालची जखम धुतली, बांधली. रस्ता उघडल्या उघडल्या वर्नरला गाडीत घालून शहरात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आणखी दोन दिवस गेले असते तर पाऊल गेलं असतं. मी म्हटलं, ठीक आहे. रस्ता बंद होता. एवढं मंडळालाही समजेल.

पण नऊ आठवड्यांनी वर्नर पुन्हा कॉफीला आला. तेव्हा रस्ता उघडा होता, बर्फ वितळून शेतात चिखल झाला होता.

“नव्वद मैल जाऊ नखं कापायला?” तो म्हणत होता. “येता-जाता अर्धी टाकी जाते. आणि तो शहरातला डॉक्टर म्हणजे काय गं! त्याच्या भिंतीवर माशाचं चित्र आहे. वाचायला काहीच नाही.”

बाई हसल्या. खूप दिवसांनी हसल्या. आणि ड्रॉवर उघडला.

खरं सांगतो, मी संतापलो. वाटलं, फळीवरून उडी मारावी आणि काच फोडून घ्यावी. अहो बाई, मी इथे लोणच्याच्या मागे धूळ खातोय तो तुमच्या शब्दासाठी! तुम्ही आर्लनचीही नखं कापता म्हणून काय झालं, नवरा वेगळा आणि साखरेचा रुग्ण वेगळा. पण माझं कोण ऐकतंय? धान्याच्या कोठाराकडून मिळालेलं कॅलेंडर वर भिंतीवर होतं, हे मला नंतर कळलं. वर्नर येऊन गेला की बाई त्या दिवशी पेन्सिलने एकच शब्द लिहायच्या, ‘कॉफी’. तीन वर्षांत सतरा कॉफ्या झाल्या.

तळघरातल्या माझ्या सहाव्या जानेवारीत आर्लन गेले. शेवटच्या आठवड्यात बीटाचा भाव चढला होता. बाईंनी वाचून दाखवला, आणि नळीतून एक “ह” आला.

मार्चमध्ये बाई तळघरात उतरल्या. बरण्या बाजूला केल्या, मला काढलं, बाहीने काच पुसली.

“उठ,” त्या म्हणाल्या. “आपल्याला काम आहे.”

त्यांनी मला स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवलं, पण तोंड भिंतीकडे करून. निष्क्रिय परवाना कुणाला दिसायला नको म्हणून. मला गंमत वाटली आणि थोडी चीडही आली. सतरा कॉफ्या करणारी बाई माझं तोंड मात्र भिंतीला लावते! पण त्या दिवशीपासून ड्रॉवर उघडला नाही. वर्नर वेळेवर आला, खुर्चीत बसला, मोजा काढू लागला.

“मोजा वर करा, वर्नर.”

“काय झालं?”

“मी परवाना परत मागतेय. आता नखं नाही कापणार. आधीही नव्हतंच करायचं.”

“म्हणजे तू डॉक्टर व्हायला निघालीस म्हणून माझी नखं कापणार नाहीस? पोरी, हे तर उलटंच झालं.”

“उलटं आधी होतं. मी शहरातली वेळ घेऊन देते. गाडी मी चालवते.”

“बघू पेरणी झाल्यावर,” वर्नर म्हणाला आणि मोजा वर केला.

निष्क्रिय परवाना जागा करणं म्हणजे खेळ नाही. झोपेच्या प्रत्येक वर्षाचे शिक्षणाचे तास भरून काढायचे होते. पाच वर्षांच्या वर झोप झाली म्हणून, हात अजून चालतो हे दाखवायला मंडळाच्या परवानगीने दुसऱ्या डॉक्टरच्या नजरेखाली तीन आठवडे काम करायचं होतं. छप्पन वर्षांच्या बाई पहाटे पाचला निघायच्या, नव्वद मैल जायच्या, आणि निम्म्या वयाच्या पोरासमोर उभ्या राहून त्याच्याकडून शिकायच्या. एकदा परत येऊन त्या डोरीनला म्हणाल्या, “माझ्या काळातली अर्धी मलमं आता कुणी वापरत नाही. बरं झालं त्यांनी मला पुन्हा शिकायला बसवलं ते.” बिस्किटांचा निळा डबा पुन्हा भरला. ऑगस्टमध्ये फक्त अर्ज उरला, आणि अर्जातला अकरावा प्रश्न.

‘निष्क्रिय काळात तुम्ही या राज्यात व्यवसायाचं कोणतंही काम केलं का? होय किंवा नाही. होय असल्यास तपशील जोडा. खाली शपथेवर सही करा.’

टेबलाशी तिघं बसली होती. बाई, डोरीन आणि वर्नर.

“नाही लिही,” डोरीन म्हणाली. “झाकली मूठ सव्वा लाखाची. कोण बघायला आलं होतं?”

“मी तर कॉफीच प्यायला यायचो,” वर्नर म्हणाला. “हवं तर बायबलवर हात ठेवून सांगतो. कॅलेंडरवरही तेच लिहिलंय. माझी नखं माझी आहेत, सरकारची नाहीत.”

“त्यांनी परवाना नाकारला तर?” डोरीनचा आवाज चढला. “सव्वाशे-दीडशे तास, तीन आठवडे, सगळं पाण्यात. क्लिनिकची जागा विकली जाईल. आणि या गावाच्या पायांकडे मग कोण बघणार? एका ‘होय’पायी एवढं घालवशील?”

बाईंनी अर्ज पुढे ओढल्याचं ऐकू आलं. माझी पाठ त्यांच्याकडे होती, पण मी कान लावून होतो. साडेपाच वर्षं तळघरात मी एवढा ताठलो नव्हतो.

“पहिल्या दिवशी रस्ता बंद होता,” त्या म्हणाल्या. “पुढच्या सोळा वेळा उघडा होता.”

आणि पेनाचा आवाज आला. त्यांनी कॅलेंडरं काढली आणि सतरा तारखा एकाखाली एक उतरवल्या. प्रत्येकीपुढे काय केलं तेही लिहिलं. वर्नर पुटपुटला, “अगं निदान ‘कॉफी’ तरी लिही.” त्यांनी लिहिलं नाही.

मंडळाचं उत्तर आलं, डिसेंबरमध्ये सुनावणी, मूळ परवाना सोबत आणावा. मधे चार महिने होते. त्या चार महिन्यांत जे झालं ते सांगायला मला जड जातं.

बाईंनी वर्नरसाठी शहरातली वेळ घेतली. त्याने ती रद्द केली. दुसरी घेतली, तीही रद्द केली. ऑक्टोबरात बीट उपसायला लागलं की आमच्याकडे माणूस मेला तरी पुरायला वेळ नसतो. दिवसरात्र ट्रक चालतात. वर्नर रबरी बूट घालून बारा-बारा तास ट्रकवर होता. “बीट उपसून होऊ दे, पोरी,” एवढंच तो फोनवर म्हणायचा. बाई एकदा त्याच्या शेतावर गेल्या, ट्रकसमोर उभ्या राहिल्या, तर त्याने भोंगा वाजवला आणि बाजूने नेला. एका वाढलेल्या नखाने शेजारच्या बोटाला भोक पाडलं होतं. त्याला कळलंच नाही. नोव्हेंबरात बूट काढला तेव्हा बोट काळं होतं. शहरात ते कापावं लागलं.

इस्पितळातून येऊन बाई स्वयंपाकघरात कोट न काढताच बसून राहिल्या. मग त्यांनी मला भिंतीकडून वळवलं आणि माझ्याकडे पाहिलं. नऊ महिन्यांत पहिल्यांदा. मी काय सांगणार? मीच तळघरात दात ओठ खाऊन म्हणत होतो, नियम पाळा, नियम पाळा. त्यांनी पाळला आणि बोट गेलं. मला माझी लाज वाटली. सोनेरी शिक्क्यासकट वाटली.

राजधानीला निघताना वर्नर काठी टेकत दारात हजर. अंगावर चर्चचा सूट, पायात बाईंनीच पूर्वी लिहून दिलेले रुंद बूट.

“तुम्ही कशाला?”

“मी तुझा रुग्ण आहे. आणि तुझ्या गाडीत रेडिओ चांगला लागतो.”

खोली साधीच होती. लांब टेबल, पाच माणसं, त्यांतले चार पायाचे डॉक्टर आणि एक निवृत्त मास्तरीण. मंडळात एक तरी सभासद डॉक्टर नसलेला असावा लागतो, ती ही. मला टेबलावर ठेवलं. तीस वर्षांनी मी जन्मगावी आलो होतो आणि सह्या करणाऱ्या पाचांपैकी एकही तिथे नव्हता.

“सतरा वेळा,” अध्यक्षांनी कागद वाचला. “पैसे घेतलेत?”

“नाही.”

“त्याने फरक पडतो असं वाटतं?”

“कायद्याला पडत नाही,” बाई म्हणाल्या. “आणि पायालाही पडत नाही. माझ्या स्वयंपाकघरात नीट उजेड नव्हता. पायातलं रक्त वाहतंय का ते बघायचं यंत्र नव्हतं. काही चुकलं असतं तर मला कळलंही नसतं. तेवढ्यासाठीच तो नियम आहे.”

“मग का केलंत?”

“पाय समोर होता. आणि मला ते काम येत होतं. साडेपाच वर्षं मला दुसरं काहीच धड येत नव्हतं.”

मास्तरीणबाईंनी चष्मा काढला. “पुन्हा तशी वेळ आली तर?”

“रस्ता बंद असेल तर करेन आणि त्याच दिवशी तुम्हाला कळवेन. उघडा असेल तर त्यांना गाडीत कोंबेन आणि शहरात नेईन. ओरडले तरी.”

अध्यक्षांनी विचारलं, आणखी कुणाला बोलायचंय का. मागे काठी वाजली.

“मी वर्नर लिंडाल. बीटवाला. मी जास्त बोलत नाही,” वर्नर म्हणाला, आणि ते धादांत खोटं होतं. “ही पोरगी नियमाबाहेर होती तेव्हा मला दहा बोटं होती. नियमात आली आणि नऊ राहिली. हिशेब तुम्हीच करा.”

टेबलामागचे पाचही जण खाली बघायला लागले. मला वाटलं, झालं, जिंकलो. हे असं कुणी बोलल्यावर मंडळ काय बोलणार? पण बाई वळल्या.

“नाही वर्नर. बोट नियमाने नेलं नाही. मी दोनदा वेळ घेतली, तुम्ही दोनदा रद्द केली आणि माझ्यासमोर भोंगा वाजवलात. आणि तुम्हाला शहरात जायची सवय राहिली नव्हती, ती माझ्यामुळे. तीन वर्षं मी तुम्हाला घरबसल्या कापून दिलं. त्या बोटातलं निम्मं माझ्याकडे लागतं. ते या कागदावर नाही, पण ते मी इथे सांगतेय.”

वर्नरने काठी जमिनीवर टेकली. मग म्हणाला, “निम्मं नाही. चार आणे फार तर,” आणि खाली बसला.

निकाल तीन आठवड्यांनी टपालाने आला. डोरीनने पाकीट फोडलं. मंडळाने लेखी ठपका ठेवला होता. तो बाईंच्या नावावर कायमचा राहणार, कुणालाही बघता येणार. एक वर्ष दुसऱ्या डॉक्टरची देखरेख, दर महिन्याला अहवाल. आणि पाकिटाच्या तळाशी एक छोटं कार्ड होतं. त्यावर माझा नंबर, दोन वर्षांनंतरची तारीख, आणि दर्जा या शब्दापुढे छापलं होतं, सक्रिय.

आता मी पुन्हा क्लिनिकच्या भिंतीवर आहे, त्याच पांढऱ्या चौकोनावर. पदवी परत शेजारी आली आहे, पण हल्ली टोमणे मारत नाही. माझ्या खाली बाईंनी आणखी एक चौकट टांगली आहे. त्यात ठपक्याचं पत्र आहे. ते टांगा असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. डोरीन म्हणाली, “वेड लागलंय का तुला? लोक पळून जातील.” बाई म्हणाल्या, “लोकांना वाचू दे.” पहिल्या महिन्यात दोघं पळाले. बाकीचे आले.

तर तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. डॉक्टरच्या खुर्चीत बसलात की भिंतीवर नुसतं बघू नका, वाचा. कोपऱ्यातली तारीख बघा. विचारायला लाजू नका. चांगला डॉक्टर रागावत नाही. आणि जो डॉक्टर तुम्हाला “आत्ता मी हात लावू शकत नाही” असं तोंडावर सांगतो, त्याला शिष्ट म्हणू नका. आम्हा कागदांना हात नसतात. आमची अब्रू तुमच्या वाचण्यावर आणि त्याच्या शब्दावर उभी असते. मी झोपलो होतो, मेलो नव्हतो. पुन्हा झोपायची वेळ आली तर झोपेन आणि पुन्हा उठेन.

क्लिनिक उघडलं त्या सकाळी पहिली वेळ वर्नरची होती. खुर्चीत बसला, चष्मा लावला आणि आधी खालची चौकट वाचली.

“‘रुग्ण अ’. हा मी का?”

“तुम्हीच.”

“आयुष्यात पहिल्यांदा सरकारने माझ्यावर लिहिलं आणि तेही नाव न घालता!” मग त्याची नजर वर आली, माझ्यावर. “मार्लिस ॲन ट्वेट. बरोबर. नंबर तोच. सही अजून शिक्क्यावरच...” कोपऱ्यातल्या कार्डाशी तो थांबला. तिथे त्याने तारीख वाचली नाही. शेवटचा शब्द वाचला, मनातल्या मनात, ओठ हलवत. मग चष्मा काढून बाहीने पुसत बसला.

बाईंनी हात धुतले, दिवा खाली ओढला आणि स्टुलावर बसल्या.

“मोजा काढा, वर्नर,” त्या म्हणाल्या.

कट्ट.